ब्लाउजाला तळटिपा

हिंगोली,
३ डिसेंबर २०२४

ती. गोजरअक्का हिस शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तपासून सोबत परत पाठवते आहे. लाल खुणा बघून नेहमीसारखी रुसू नकोस. वारंगा फाट्यावर दिवसाला ‘हजारो’ ट्रक थांबत नाहीत. दिवाळीत मी तुझ्या लेकाच्या, शिवशंकरच्या, हॉटेलासमोर खुर्ची टाकून मोजले होते, तासाला चौदा. तुझ्या सुनेची भजी ‘अख्ख्या जिल्ह्यात’ प्रसिद्ध नाहीत. कळमनुरीपर्यंत असतील. कोमलला माझे आशीर्वाद सांग आणि कढईतलं तेल वेळेवर बदलत जा म्हणावं. तुझ्या आकड्यांना लहानपणापासून सूज येते, अक्का.

कानाचं यंत्र तू पेटीत टाकलंस असं शिवशंकर म्हणाला. ते शिट्ट्या मारतं म्हणे. ठीक आहे, आपली पत्रंच बरी. मागे मी फोनवर तुला गुडघ्याचं औषध ओरडून सांगत होते, ते तुझ्या ओट्यावरच्या तीन ड्रायव्हरांनी लिहून घेतलं आणि त्यातल्या एकाला गुण आला, हे कळल्यापासून मी फोन बंद केला आहे.

माझं बरं चाललं आहे. सकाळी सात ते नऊ परीक्षेची मुलं येतात, यंदा अकरा आहेत. नंतर प्रबंध तपासायचे. सध्या दोन हातात आहेत. एक बरा आहे, दुसरा लेखकाने स्वतःही वाचलेला दिसत नाही. गेल्या गुरुवारी साखऱ्याला जाऊन आले. तिथे एका घरी आरत्यांचं जुनं बाड आहे असं कळलं होतं. होतं. त्यावर पिठाचा डबा ठेवलेला होता. घरातल्या म्हातारीने बाड द्यायला हरकत घेतली नाही, पण डब्याखाली आता काय ठेवू म्हणून विचारलं. पिशवीत एक प्रबंध होता, तो दिला. उंचीला बरोबर बसला.

आता नवीन काम. बालाजीच्या प्रेसमधून एक गौरवग्रंथ तपासायला आला आहे. कोणी राजनंदिनीबाई म्हणून आहेत, त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम शिकवलं, त्यांची एकसष्टी. आपली मिना घेऊन आली, तिच्या ओळखीतल्या आहेत म्हणे. तुला माझं मत माहीत आहे. गौरवग्रंथ म्हणजे तीस जणांनी एकच गोष्ट तीस वेळा सांगायची. माझ्याच विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी असलं काही ठरवलं होतं, तेव्हा लेखकांची यादी मी त्यांच्यासमोर फाडली. बावीस वर्षं मी कॉलेजात तासिकेवर शिकवलं. तासिकेवरची माणसं निवृत्त होत नाहीत, एखाद्या जूनमध्ये त्यांना बोलावणं येत नाही, एवढंच. ज्या नोकरीला शेवट नव्हता तिचा समारंभ कसला करायचा?

पण या बाईंचा शिवणकामाशी संबंध आहे, म्हणजे निदान काही उपयोगाचं केलं असेल. म्हणून काम घेतलं.

लोभ आहेच. तो वाढवण्याआधी पथ्य वाढव.

तुझी,
शिवकन्या

●

सेनगाव,
९ डिसेंबर २०२४

ती. गोजरमावशींना मिनाचा सा. न. वि. वि.

मावशी, हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला. शिवकन्याबाई तुमच्याकडे आल्या आणि त्यांना हे सापडलं, तर माझी पीएच.डी. परत घेतील.

राजनंदिनीबाई म्हणून कोणी नाही. तो ग्रंथ आपल्या बाईंचाच आहे. सोळा फेब्रुवारीला त्यांना एकसष्ट पूर्ण होतील, तेव्हा त्यांच्या हातात द्यायचा आहे. यादी फाडली त्याच दिवशी आम्ही नवी यादी केली. चोवीस जणांनी लेख दिले. माझे वडील वसराम, ज्यांना सही सोडून काही लिहिता येत नाही, त्यांनीसुद्धा सांगून लिहून घेतला.

तुम्ही विचाराल की मग तो बाईंकडेच काहून पाठवला. मावशी, अडचण बालाजीभाऊंची. त्यांनी एकदा बाईंना न दाखवता एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा अंक छापला, त्यात पुढाऱ्याच्या फोटोखाली दुसऱ्याची श्रद्धांजली गेली. तेव्हापासून त्यांनी मशीनला हात लावून शपथ घेतली आहे की बाईंची सही असल्याशिवाय पुस्तक मशीनवर चढणार नाही. मी म्हणाले, भाऊ, एवढं एक पुस्तक सोडा. ते म्हणाले की शपथ ती शपथ, आणि शिवाय बाईंच्या पुस्तकात चूक गेली तर बाई मला जिवंत ठेवतील का? पूर्ण जिल्ह्यात हे काम बाईंशिवाय कोणाला येतही नाही.

म्हणून मी बाईंचं सोंग बदललं. नाव राजनंदिनी केलं आणि विषय शिवणकाम. कॉम्प्युटरवर एका शब्दाच्या जागी सगळीकडे दुसरा शब्द घालता येतो. ‘मराठी’च्या जागी ‘शिवणकाम’ घातलं, ‘प्रबंध’च्या जागी ‘ब्लाउज’, ‘कविता’च्या जागी ‘परकर’, ‘ग्रंथालय’च्या जागी ‘कापडदुकान’. पाच मिनिटांत चोवीस लेख झाले. सही आली की सगळं पुन्हा उलट फिरवायचं. गडबडीत मी ते वाचून पाहिलं नाही, पण कॉम्प्युटर चुकत नाही.

माझा आणि वडिलांचा लेख या चोवीसांत धरलेला नाही, तो बाजूला ठेवला आहे. बाई तांड्यावर येऊन माझ्या आजीसमोर, जिवनबाईसमोर, तीन दिवस बसल्या होत्या, गाण्यांची एकेक ओळ तपासायला. ते वाचलं की त्या लगेच ओळखतील.

आता तुमच्याकडे मागणं. बहिणीचा लेख हवाच. तुम्ही लिहाल ना? आम्हा पोरींवर माया आहे, त्याहून थोडी जास्त या कामावर करा.

तुमची,
मिना

●

हिंगोली,
२० डिसेंबर २०२४

ती. गोजरअक्कास शि. सा. न. वि. वि.

मी एरवी तुला कामातलं लिहीत नाही. पण आज लिहिलं नाही तर मी रस्त्यावर जाऊन कोणाला तरी धरून सांगेन.

त्या शिवणकामाच्या बाईंच्या ग्रंथातली वाक्यं खाली देते. एक अक्षर बदललेलं नाही.

‘बाईंनी माझा ब्लाउज सात वेळा परत पाठवला. आठव्या वेळी विद्यापीठाने तो मान्य केला.’

‘तळटिपा नसलेला ब्लाउज बाईंच्या लेखी वाचण्याच्या लायकीचा नसे.’

‘माझ्या ब्लाउजाचं दुसरं प्रकरण बाईंनी एसटीत बसल्या बसल्या वाचून काढलं. कंडक्टर बघतच राहिला.’ अक्का, मीही बघतच राहिले.

‘परकर हा बाईंचा जीव की प्राण. भर वर्गात त्या मोठ्याने परकर म्हणून दाखवत, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होत.’ होणारच.

‘एका संध्याकाळी बाई म्हणाल्या की अरे, आता परकर कोणी मनापासून लिहीत नाही.’

‘माझा ब्लाउज आज विद्यापीठाच्या कापडदुकानात आहे. दरवर्षी चार-पाच विद्यार्थी तो उघडून बघतात.’

एवढं वाचलं आणि मला हसू आवरेना. शेजारच्या रीताने भिंतीवरून डोकावून विचारलं की मावशी, बरं वाटत नाही का? तिने मला कधी हसताना बघितलेलं नाही.

मग हसणं थांबवून विचार केला. माणसं एवढी मूर्ख नसतात. ही चोवीस माणसं वाक्य नीट लिहितात. काही वाक्यं तर चांगली आहेत. मग शिवणकामाची बाई परकर म्हणून कशी दाखवेल? उत्तर एकच. हा ग्रंथ चोरीचा आहे. मुळात तो साहित्याच्या कोणा प्राध्यापिकेवर लिहिलेला आहे. तिचे लेख कोणीतरी उचलले, वर शिवणकामाचं अस्तर लावलं आणि या राजनंदिनीबाईंच्या नावाने खपवले. मिनासारख्या सरळ मुलीला पुढे करून माझ्या सहीने ही चोरी पचवायचा बेत आहे.

मी सही करणार नाही. आधी ती खरी बाई कोण ते शोधणार.

मिनाला काही बोललेले नाही. तिला धक्का बसेल.

उत्तर लगेच दे. लोभ आहे हे गृहीत धरून घाईत थांबते.

शिवकन्या

●

वारंगा फाटा,
२६ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस गोजरअक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तूर पाखडत होते. वाचता वाचता सूप पालथं झालं. कोमल धावत आली, म्हणाली की आई, कोण गेलं? मी म्हणाले की कोणी न्हाई गेलं, पण जाईल असं दिसून राहिलं.

शिवे, माझं ऐक. तू त्या भानगडीत पडू नको. आपल्याला काय करायचं कोणाचा ब्लाउज कुठल्या दुकानात आहे ते? तू सही कर आणि मोकळी हो. तळटिपा असतीलही ब्लाउजाला. आतून खाली पट्टी लावतात, तिला आजकाल काही तरी नवीन नाव निघालं असेल. मी सातवी शिकलेली, तू एम.ए. शिकलेली, पण शिवण मला तुझ्यापेक्षा जास्त येते. तुझ्या फ्रॉकची बाही तू उलटी लावली होतीस आणि आठवडाभर हात वर करून फिरलीस. तेव्हा शिवणकामात चोरी कोणती आणि रीत कोणती, ते तू ठरवू नको.

आणि परकर म्हणून दाखवायचं म्हणशील तर शिकवताना सगळ्याच बाया मोठ्यानं बोलतात. तूच नाही का भाजी घेताना भेंडीवर व्याख्यान देत?

इकडं सगळं बराबर आहे. थंडी एवढी आहे की शंभर वर्षांत पडली नसेल. (माहीत आहे, लाल शाई लावशील. लाव.) हॉटेलात गर्दी पुष्कळ. शिवशंकर विचारत होता की मावशी सोळा फेब्रुवारीला मोकळी आहे का. मी त्याला चिमटा काढला. म्हणजे तसं काही कारण नव्हतं, उगीच काढला.

त्या मूळ बाईला शोधत फिरू नको बाई. थंडीत गुडघा धरेल. मोठीचं एवढं एक ऐकशील तर लोभ पुरून उरला असं समजेन.

तुझी,
गोजरअक्का

●

हिंगोली,
६ जानेवारी २०२५

ती. गोजरअक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तपासून परत केलं आहे. शंभर वर्षांच्या थंडीवर फुली मारली आहे. फ्रॉकची बाही मी तीनच दिवस घातली होती.

शोध चालू आहे. दोन कॉलेजांत जाऊन आले. कोणाचंही नाव न घेता वर्णन सांगितलं: साहित्य शिकवणारी, कडक, मुलांचे प्रबंध सात-सात वेळा परत पाठवणारी, एसटीत वाचणारी. माझ्या जुन्या कॉलेजात भीमसिंग शिपाई अजून आहे. त्याने वर्णन ऐकलं आणि खांबाला धरून हसायला लागला. म्हणाला की मॅडम, अशी एकच बाई होती या जिल्ह्यात, आणि ती... एवढं बोलून माझ्याकडे बघितलं आणि तोंडात तंबाखू भरली. पुढे काही सांगेना. मी त्याला तंबाखूवरून बोलले, तर जास्तच हसला. त्याला नक्की ठाऊक आहे. कोणाला तरी घाबरतो आहे.

दरम्यान लेख तीनदा वाचले. शिवणकाम खरवडून काढलं की खालची बाई दिसते. खरं सांगायचं तर ती मला फारशी आवडलेली नाही. फार ताठ असावी. एका मुलीने लिहिलं आहे की बाईंनी पहिल्या दिवशी तिला वर्गाबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन बापाला बोलून तिचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं. असल्या बाईच्या हाताखाली माझा एक दिवस निघाला नसता. दुसऱ्याने लिहिलं आहे की कविता शिकवताना ती खिडकीकडे तोंड करायची, डोळ्यांतलं पाणी मुलांना दिसू नये म्हणून. हे नाटकी आहे. खिडकीकडे तोंड मीही करायचे. पण माझ्या वर्गाला पंखा नव्हता आणि खिडकीला वारा होता.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. या बाईला पुढे काय झालं ते कोणीच लिहिलेलं नाही. सगळे लेख वर्गाच्या दारात येऊन थांबतात. निरोप नाही, शाल नाही, काही नाही. आणि जे एक पुस्तक तिच्या वाट्याला आलं, तेही लोकांनी दुसरीच्या गळ्यात बांधलं. तिला हे कळलंही नसेल. कुठल्या तरी गल्लीत बसून ती अजून लोकांचे प्रबंध तपासत असेल.

मला तिचं वाईट वाटतं, अक्का. मी कोणाबद्दल हे सहसा लिहीत नाही.

तेव्हा ठरवलं आहे. वीस तारखेपर्यंत तिचं नाव कळलं तर ग्रंथ तिच्या नावाने निघेल. न कळलं तर एकवीसला मी बालाजीला काम बंद करायला सांगणार, आणि विद्यापीठाला व वर्तमानपत्रांना सविस्तर कळवणार. मसुदा तयार आहे, सहा पानं. चोराचा ग्रंथ माझ्या हयातीत या जिल्ह्यात छापला जाणार नाही.

बालाजीला सांगितलं तर तो पाण्याचा तांब्या घेऊन आत गेला तो बाहेरच आला नाही.

गुडघा ठीक आहे. तुझा लोभ पोचतो, अंदाजे का होईना.

शिवकन्या

●

वारंगा फाटा,
१२ जानेवारी २०२५

चि. मिनाला गोजरमावशीचे अनेक आशीर्वाद.

लेकरा, तुझी चिठ्ठी काल हिंगोलीच्या गाडीच्या ड्रायव्हरनं आणून दिली. तू लिहितेस की बालाजी रोज देवाला नारळ फोडून राहिला आणि चोवीस जणांना जेवण जाईना. मला जातं. मी म्हातारी आहे, मला घाबरून चालत न्हाई.

तू विचारलंस की आता बाईंना खरं सांगून टाकू का. सांगितलंस तर ती ग्रंथ फाडेल. न सांगितलंस तर वर्तमानपत्रात जाईल. दोन्हीकडून तकलीफच. ती लहानपणापासून अशीच. तिला वरून काही दिलं की ती घेत न्हाई. तिचं तिला सापडलं पाहिजे.

म्हणून मी लेख लिहिला. पाठवते आहे. याला तुझं ते कॉम्प्युटरचं लावू नको. माझ्या पत्रिकेचा ब्लाउज करशील तर फाट्यावर पाय ठेवू देणार न्हाई. जसा आहे तसा, नाव न घालता, बाकीच्या लेखांत ठेव आणि बाईकडं पाठव.

काय लिहिलं ते तुला सांगून ठेवते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी अठराची आणि ती बाराची. आमचं गाव जवळा बाजारच्या शेजारी. अप्पांनी, म्हणजे आमचे वडील संतराम यांनी, हिंगोलीहून तीनशे पत्रिका छापून आणल्या. गुलाबी, वर गणपती. त्यात अप्पांचं नाव, तीन काकांचं नाव, मामाचं, गावच्या पाटलाचं, सगळ्यांची नावं. ही ओट्यावर बसून वाचायला लागली आणि विचारलं की आईचं नाव कुठं आहे? अप्पा हसले. म्हणाले की बायांची नावं घालायची रीत न्हाई. तिनं शाळेची लाल शाई घेतली आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एकेका पत्रिकेवर अप्पांच्या नावाच्या वर लिहिलं: कौतिकाबाई. तीनशे पत्रिका. बोटं लाल, फ्रॉक लाल. अप्पांनी हात उगारला होता, पण पुन्हा छापायचं म्हणजे वेळ न्हाई, म्हणून तशाच वाटल्या. सासरी मला पहिलं वर्षभर ‘लाल पत्रिकेची’ म्हणायचे. आमच्या आईनं एक पत्रिका शेवटपर्यंत फडताळात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तेवढा एक शब्द कुठं आहे ते तिला माहीत होतं. तिथं बोट ठेवायची.

एवढंच लिहिलं. पन्नास वर्षं ती माझी पत्रं लाल करून परत पाठवते. मी कधी तिला सांगितलं न्हाई की ती लाल शाई बघितली की मला बरं वाटतं.

ती वाचील आणि ओळखील. मग फाडू दे, न्हाई तर छापू दे. रागावली तर मोठ्या बहिणीवर रागावेल, तुम्हा लेकरांवर न्हाई. तू निवांत जेव.

मावशीची माया तुला आधीच पावती न घेता दिलेली आहे.

गोजरबाई

●

हिंगोली,
१९ जानेवारी २०२५

ती. गोजरअक्कास शि. सा. न. वि. वि.

त्या मूळ बाईचा शोध लागला. हिंगोलीतच राहते. भेटायला जाण्यात अर्थ नाही, फार कामात असते.

वर्तमानपत्रांचा मसुदा, सहा पानं, आज सकाळी साखऱ्याच्या म्हातारीकडे पाठवला. तिच्या डब्याला थोडी उंची कमी पडत होती म्हणे.

मिनाला बोलावून घेतलं. मी तिला म्हणाले की तू चोवीस चांगले लेख न वाचता छापायला दिलेस, हा गुन्हा मोठा आहे, बाकीचं नंतर बघू. मग तिने तिचा आणि वसरामबापूंचा लेख पिशवीतून काढून दिला. वसरामबापूंनी सांगितलं आहे की ही बाई तांड्यावर आली तेव्हा माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी गाण्यात चूक काढताना बघितलं, आणि तिला चूक मान्य करावी लागली. हे खरं आहे. ठेवलं.

दोन दिवस बसून सगळे ब्लाउज उतरवले आणि प्रबंध जागेवर घातले. परकरांच्या पुन्हा कविता केल्या. एकतीस पानं स्तुती कापली. लोकांनी रडायचं ठरवलंच आहे तर पानं तरी कमी असावीत. खिडकीचा परिच्छेद कापायचा होता, पण ज्याने लिहिला तो आयुष आता स्वतः शिकवतो, त्याला वाईट वाटेल. म्हणून ठेवला आणि खाली तळटीप दिली: ‘वर्गाला पंखा नव्हता.’ एक ब्लाउज मात्र मुद्दाम तसाच सोडला आहे, सात वेळा परत आलेला. मिनाला शिक्षा. पुढच्या पिढीने तिला विचारावं.

बालाजीसमोर बसून सही केली. त्याने सही दोनदा बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि मशीनच्या पाया पडला. एवढा मोठा माणूस, पण त्याला मी रडताना आणि शाई मोजताना एकाच वेळी बघितलं.

सोळा तारखेला मी येईन. शाल एकच, नारळ एकच. बोलणारे तिघे, प्रत्येकी सात मिनिटं. सगळ्यांची भाषणं मला दहा तारखेपर्यंत दाखवायची. भीमसिंगला पुढच्या रांगेत बसवायचं, तंबाखूशिवाय. शिवशंकरला म्हणावं, मी मोकळी आहे, आता त्याला चिमटे काढू नकोस. कोमलला भजी करायला सांग. तेल नवीन.

तुझा लेख सोबत परत पाठवते आहे. तू उलटसुलट करून बघशील, लाल खूण एकच आहे. बाकी कुठे हात लावलेला नाही. तुला आजवर लिहिता येत नाही असं मी समजत होते, ती माझी चूक.

खूण आकड्यावर आहे. मी लाल केलेल्या पत्रिका तीनशे नव्हत्या, दोनशे पंच्याहत्तर होत्या. पंचवीस पत्रिका अप्पांनी आदल्या दिवशी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात वाटून टाकल्या होत्या. मी सकाळी गठ्ठा उघडला तेव्हा त्या गेलेल्या होत्या. मी रडले ते अप्पांनी हात उगारला म्हणून नाही, त्या पंचवीसांसाठी रडले. तुला तेव्हा सांगितलं नाही. तू नवरी होतीस.

ग्रंथात मी माझं म्हणून एकच पान घातलं आहे, पहिलं. अर्पणपत्रिका. त्यावर एकच नाव आहे आणि ते लाल शाईत छापायला सांगितलं आहे. बालाजी म्हणाला की एका शब्दासाठी मशीन दोनदा चालवावी लागेल. मी म्हणाले, चालव.

पंचवीस प्रती बाजूला काढल्या आहेत. तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. त्या दिवशी बाजारात अप्पांनी पत्रिका कोणाकोणाच्या हातात दिल्या, त्यांतली कुठली घरं अजून आहेत, त्यांची यादी करून पाठव. एवढ्या वर्षांनी का होईना, आमंत्रण पुरं केलं पाहिजे. कार्यक्रम झाला की आपण दोघी जाऊन देऊन येऊ. यादी नक्की हवी, अंदाजे चालणार नाही.

लोभ आहे. किती, ते मोजलेलं नाही.

तुझी,
शिवकन्या